तिडके सरांनी बघितलं होतं

तिडके सर निवृत्त झाले तेव्हा आमच्या केंद्राने त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढली. प्रत्येकाने एकेक पान लिहून द्यायचं होतं. माझ्याकडे मागायला आले तेव्हा मी ऑडिटचं कारण सांगितलं. ऑडिट तेव्हा नव्हतं. पुस्तिकेत कुणी त्यांना ज्ञानाचा सागर म्हटलं, कुणी शिस्तीचा भोक्ता, आणि एकाने नेहमीप्रमाणे फणसाची उपमा दिली: वरून काटे, आत गोड गरे. मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून आस्थापनेचं काम केलं आहे. रजा, हजेरी, मुदतवाढ, सगळ्या फायली माझ्या हातून जायच्या. त्या फणसात गरे नव्हते. आतही काटेच होते.

मी त्यांना अहोजाहो करते ती सवय म्हणून. त्यातून आदर शोधू नये.

आमचं कृषी केंद्र वडवणी रस्त्याला आहे आणि त्यात एक हवामान कक्ष आहे. कक्षाचं काम सांगायला सोपं. इंटरनेटवर येणारी उपग्रहाची चित्रं, वाऱ्याचे नकाशे, निरनिराळ्या देशांच्या मॉडेलांचे अंदाज बघायचे, त्यातून आपल्या जिल्ह्यावर काय येणार ते काढायचं आणि मंगळवारी व शुक्रवारी गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सल्ला पाठवायचा. फवारणी करा, करू नका, काढलेलं पीक झाका. मध्येच वादळ किंवा गारपीट दिसली तर तातडीचा इशारा द्यायचा. तिडके सर या कक्षाचे प्रमुख होते आणि ज्या पोर्टलवर हे सगळं दिसतं त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता. ते रजेवर गेले की कक्ष आंधळा. दिवाळीत सर सासुरवाडीला गेले म्हणजे बीड जिल्ह्याला हवामान नसायचं.

त्यांची खुर्ची त्यांनी अशी लावून घेतली होती की दारातून येणाऱ्याला कॉम्प्युटरच्या पडद्याची पाठ दिसावी. कुणी टेबलाला वळसा घालून आलंच तर माऊसवर बोट पडायचं आणि नकाशा गायब. मग लवंग गालात सरकवून विचारायचे, "काय काम हाय?" त्यांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, पंख्याचं बटणसुद्धा त्यांच्याशिवाय कुणी दाबायचं नाही. आणि जे काही कळलं असेल ते अर्धंच सांगायचं, हा त्यांचा नेम. "विचारल्याबिगर सांगू न्हाई," ते म्हणायचे, "आन विचारलं तर निम्मं सांगावं. उरलेल्या निम्म्यात आपली किंमत असती."

जीभ मात्र तेज होती. मॉडेलांना त्यांनी नाती लावली होती. युरोपचं मॉडेल म्हणजे घरातली मोठी सून: कमी बोलती, पण बोलती ते खरं. अमेरिकेचं म्हणजे धाकटा जावई: येतो येतो म्हणून चार दिवस आधीपासून फोन, आन येतच न्हाई, आलाच तर दारू पिऊन, सगळं घर डोक्यावर. हे ऐकून मीही हसले आहे. हसू आलं म्हणजे माणूस आवडला असं होत नाही.

काम त्यांना येत होतं. हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. एकदा तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं. पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी सह्या घ्यायला कक्षात उभी होते.

"सर, रविवारचं जरा क्लिअर दाखवा की. साहेबांनी मुद्दाम सांगितलंय."

"मी दाखवत न्हाई बे. मी बघतो," तिडके सर म्हणाले. "रविवारी सांजच्याला वारं सुटणार हाय. मंडप नीट बांधा, न्हाईतर मंगल कार्यालय बघा."

"मोबाइलमध्ये तर ऊनच दाखवतंय हो!"

"मंग मोबाइललाच विचारा. मला कावून फोन केला?"

रविवारी संध्याकाळी मंडप पडला. सोमवारी सर ऑफिसला यायच्या आधी मोटारसायकलवरून तिथे जाऊन आले, फक्त बघायला. पडलेल्या मंडपाचा फोटो त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला आणि तो बरेच दिवस तिथे होता. त्या मंडपाखाली आचारी होते, वाढपी होते, पाहुण्यांची लेकरं होती. एका वाढप्याच्या पायावर बांबू पडला. मी म्हटलं, "सर, गावाच्या ग्रुपवर एक ओळ टाकायला काय हरकत होती?"

"ज्यानं विचारलं त्याला सांगितलं," ते म्हणाले आणि लवंग दुसऱ्या गालात गेली.

त्या फोटोमुळे गावात त्यांचा दरारा वाढला. पुढाऱ्यालाही भीत नाहीत म्हणून लोक कौतुक करायचे. मला त्यात निर्भयपणा कधी दिसला नाही. पुढारी असो की वाढपी, त्यांना दोघांचाही सारखाच तिटकारा होता.

दिंद्रुडचे एक गुरुजी एकदा हौसेने मोबाइल घेऊन आले. हल्ली फुकटच्या साइटवर वाऱ्याचे रंगीत नकाशे हलताना दिसतात, ते गुरुजी रोज बघायचे आणि शाळेत पोरांना दाखवायचे. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की या जांभळ्या रंगाचा अर्थ काय. तिडके सरांनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला आणि म्हणाले, "गुरुजी, होळीला अजून टाइम हाय." कक्षातले दोघे-तिघे हसले. गुरुजी पुन्हा कधी आले नाहीत. जांभळ्या रंगाचा अर्थ सांगायला एक वाक्य लागलं असतं.

अशा माणसाच्या हाताखाली सुनीता साळवे कंत्राटी सहायक म्हणून आली.

सुनीता पाली गावची. रोज बसने यायची, डब्यातलं अर्धं लोणचं मला द्यायची. शिक्षण हवामानशास्त्राचंच झालेलं, बोलणं कमी, नजर तीक्ष्ण. घरात पगार आणणारी ती एकटी. तिडके सरांनी तिला पावसाच्या मापकाची नोंद घ्यायला आणि फोन उचलायला बसवलं. पोर्टल उघडून दिलं नाही. तिने मग ज्या साइट फुकट बघता येतात त्या मोबाइलवर उघडल्या, चार मॉडेलं शेजारी शेजारी लावली. मंगळवारी-शुक्रवारी ती आपला अंदाज आधी मनाशी बांधून मग सरांचा सल्ला वाचायची. हळूहळू दोन्ही जुळायला लागले. ती हे कुणाला सांगत नव्हती. पण फोनवर एखाद्या शेतकऱ्याला उत्तर देताना तिच्या तोंडून ते बाहेर पडायचं, आणि शेजारच्या टेबलावर लवंग चावण्याचा आवाज थांबायचा.

"साळवे," ते म्हणायचे. आडनावावर ते जरा जास्तच थांबायचे, आणि का थांबतात ते ऑफिसात सगळ्यांना कळायचं. "साळवे, मोबाइल आत ठेवा. हवामान म्हंजे रील न्हाई."

"रील नाही बघत सर. वरच्या थराची हवा बघत होते."

"वरच्या थराची? आधी खालच्या थराची बघा. मापकात मुंग्या झाल्यात."

कंत्राटी लोकांची मुदतवाढ दर वर्षी मार्चअखेर होते आणि तिला कक्षप्रमुखाचा शेरा लागतो. त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीलाच तिडके सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "औंदा नवा माणूस बघू, मॅडम. हिला लई कळायला लागलंय."

मी म्हटलं, "सर, शेऱ्यात तसं लिहिता येत नाही. कामात चूक दाखवावी लागते."

"दिसंल की," ते म्हणाले.

मग ती सकाळ आली. रानात हरभरा काढून पडला होता, गहू खळ्यात होता. सकाळीच पोर्टलवर गारपिटीची लक्षणं दिसत होती. मी रजेचे अर्ज घेऊन कक्षात गेले तर सुनीता तिडके सरांच्या खुर्चीत बसलेली, समोर त्यांचा पडदा उघडा, आणि सर तिच्या मागे हाताची घडी घालून उभे. असं दृश्य मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं.

"आज इशारा साळवे काढणार," सर म्हणाले. "शिकायचं हाय ना त्यांना?"

पुढे काय घडलं ते मला त्या वेळी समजलं नाही, नंतर सुनीताने समजावलं. जगभरातले हवामानवाले नकाशावर ग्रीनिचची वेळ वापरतात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे नकाशावर दुपारचे बारा लिहिले असतील तर ते आपल्याकडच्या संध्याकाळचे साडेपाच. कोपऱ्यात झेड हे अक्षर बारीक छापलेलं असतं, तीच खूण. हे सुनीताला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात पहिल्या धड्यात असतं. पण तिच्या मोबाइलवरच्या साइट वेळ आपोआप भारतीय करून दाखवायच्या. डोळ्याला तीच सवय. त्यात पडदा परका, आणि मानेवर त्या माणसाचा श्वास. तिने बाराचा नकाशा बघितला, वरच्या हवेची आकृती बघितली, रडार बघितलं, आणि टाइप केलं: आज दुपारी बारा ते दोनच्या सुमारास माजलगाव व वडवणी परिसरात वादळी वारे व गारपीट संभवते, काढलेला माल झाकून ठेवावा.

तिने ते मोठ्याने वाचलं. मग मान वळवून विचारलं, "सर, बरोबर आहे ना?"

"तुमचा इशारा हाय," तिडके सर म्हणाले. "तुमचं नाव टाका खाली."

इशारा गेला. दुपारी लख्ख ऊन पडलं. दोन वाजून गेले तरी आभाळात कापसाएवढा ढग नाही. फोन सुरू झाले. "मॅडम, कुठंय गार? आमी ताडपत्री घालून बसलोय, हरभरा वाफाळायलाय." कुणी नुसतंच हसायचं. सुनीता पुन्हा पुन्हा मोबाइल बघत होती आणि तिला काय चुकलं ते सापडत नव्हतं. पोर्टल सरांनी केव्हाच बंद करून टाकलं होतं. ती एकदा त्यांच्याकडे गेली. "सर, जरा परत उघडता का?" ते म्हणाले, "इशारा दिला ना? झालं मंग."

चार वाजायच्या सुमाराला मी खिडकीशी उभी होते. ऊन तसंच होतं. तिडके सर बाहेर आले, झाडाखाली लावलेली आपली मोटारसायकल त्यांनी ढकलत आणली आणि बियाण्याच्या गोदामात, पत्र्याखाली, नीट लावली. सीटवर पोतं टाकलं. मला आश्चर्य वाटलं, पण त्यापुढे माझं डोकं चाललं नाही.

दिंद्रुडकडे तोवर लोकांनी ताडपत्र्या काढल्या होत्या. हवामानवाल्यांचं काय खरं, म्हणून मळणीयंत्र चालू केलं होतं. संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं ते थेट गारच घेऊन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिंद्रुडचे आसाराम मामा आले, सोबत गावातले आणखी काही जण. मामा म्हणजे केंद्राच्या प्रत्येक शिबिराला पहिल्या रांगेत बसणारे, आमचा सल्ला गावात वाचून दाखवणारे. त्यांनी केंद्रप्रमुख बोराडे सरांच्या टेबलावर भिजून काळा पडलेला हरभरा मुठीने ओतला. त्यांची सून ताडपत्री पुन्हा ओढायला धावली होती, तिच्या दंडावर गार बसून हात सुजला होता. बोराडे सर भला माणूस, पण भांडणाला भिणारा. त्यांनी सगळ्यांना बसवलं, चहा मागवला, तिडके सरांना आणि सुनीताला बोलावलं, आणि मला टिपण घ्यायला.

सुनीता उभीच राहिली. रात्रीतून तिला उलगडा झाला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "नकाशावरची वेळ परदेशी घड्याळाची होती. मी ती आपली समजले."

"बघा," तिडके सर म्हणाले. "मी म्हणत होतो. मोबाइलवर शिकलेलं असंच असतं. शेऱ्यात मी तेच लिहिणार हाय."

बोराडे सरांनी मान हलवली. मला दिसलं की गोष्ट तिथेच संपणार. चूक कबूल झाली, चूक करणारी कंत्राटी, मार्चअखेर जवळ. सगळ्यांच्या सोयीचं होतं. चहा आला. मी न राहवून कागदावरून डोकं वर केलं आणि आदल्या दुपारी खिडकीतून पाहिलेली मोटारसायकल सांगून टाकली.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. सुनीताला कळलं. ती तिडके सरांकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"सर, तुम्ही मागे उभे होता. ते झेड तुम्हाला दिसलं होतं का?"

इथे एक शब्द पुरला असता. नाही. माझंही लक्ष नव्हतं, घाई होती, असं म्हटलं असतं तर कुणी त्यांना काही केलं नसतं. सुनीता गेली असती, ते राहिले असते. पण नाही म्हणायचं म्हणजे पडद्यावर जे होतं ते तिडकेला दिसलं नाही, असं दिंद्रुडच्या लोकांसमोर सांगायचं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. गाल थांबला होता.

"दिसलं न्हाई असं होईल का?" ते म्हणाले. "आंधळा हाय का मी? तू टाइप करायच्या आधीच दिसलंतं मला."

आसाराम मामा पुढे वाकले.

"दिसलंतं, तर सांगितलं कावून न्हाई वो साहेब?"

"चटका बसल्याबिगर माणूस शिकत न्हाई, मामा."

"चटका आमाला बसला की," मामा म्हणाले. "ही पोरगी तर हितं सावलीत हुती. माझ्या सुनंला काय शिकवलं तुमी?"

तिडके सर बोराडे सरांकडे बघत होते, आणि अजूनही, मला खात्री आहे, आपण काही चुकीचं बोललो असं त्यांना वाटत नव्हतं. बोराडे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं, तेव्हाही तो राग होता की लाज ते सांगता येणार नाही.

"मॅडम, साळवेंची फाईल आणा," ते म्हणाले. "शेरा मी लिहितो. आणि तिडके, पोर्टलचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता इथे सांगा."

पासवर्ड त्यांचं स्वतःचंच नाव होतं, शेवटी एकचा आकडा. कुणीही ओळखला असता.

सुनीताला मुदतवाढ मिळाली. त्या संध्याकाळी ती दिंद्रुडला जाऊन मामांच्या सुनेला भेटून आली. तिच्या चुकीचं काय, असं विचारणारे ऑफिसात होते. चूक होतीच. पण तिने ती स्वतः जाऊन सांगितली. आता तिच्या प्रत्येक इशाऱ्यात दुपार-संध्याकाळ शब्दांत लिहिलेलं असतं आणि पासवर्ड कक्षातल्या सगळ्यांना माहीत आहे.

तिडके सरांना वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबल दिलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे वर्तमानपत्र वाचत बसले. सुनीता सुरुवातीला नकाशे घेऊन त्यांच्याकडे जायची. मी तिला वेड्यात काढलं. ती म्हणायची, "मॅडम, माणूस वाईट आहे, पण वाचतो भारी." सर मान वळवून खिडकीबाहेर बघायचे. चार-पाच वेळा जाऊन तिने ते सोडलं. मग तिने दिंद्रुडच्या गुरुजींना फोन करून कक्षात बोलावलं. जांभळा रंग म्हणजे जोराचा वारा.

सर मला शेवटचे दिसले ते वडवणीच्या स्टँडवर, सोयाबीन काढणीच्या दिवसांत. बाजाराचा दिवस, गर्दी. पांढरा सदरा, हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइल डोळ्याजवळ धरलेला. मला बघून त्यांनी कशा आहात म्हणून विचारलं नाही. फोनच माझ्यापुढे धरला.

"ही बघा तुमची साळवे. आजच्या सल्ल्यात वाऱ्याची दिशा उलटी लिवलीय. सकाळपासून बघायलोय."

"मग कळवलं का तिला?"

"मी कावून कळवू? पगार तिला हाय."

मी तिथेच उभ्या उभ्या सुनीताला फोन लावला. ती म्हणाली, "हो मॅडम, गुरुजींनी सकाळीच दाखवलं. लगेच दुरुस्त करून परत पाठवलाय." मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. त्यांनी अंगठ्याने पडदा वर सरकवला. दुरुस्तीचा संदेश खाली होता. तो त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवला. सकाळपासून जपून ठेवलेली वस्तू हातातून कुणी काढून घ्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. मला बरं वाटलं.

मग ते गर्दीकडे बघत म्हणाले, "माजलगावची गाडी लागली का हो?"

लागली होती. कँटीनच्या मागच्या बाजूला, इंजिन चालू, कंडक्टर दार ओढत होता. मी आत्ताच तिच्यासमोरून आले होते.

"बघा की सर तुम्हीच," मी म्हटलं आणि माझ्या बसकडे निघाले.